मालवणच्या सागरी अभयारण्यात काय चालतं, काय नाही? कोल्हापूरहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरकराचा समुद्र म्हणजे मालवण. सुट्टी लागली की गाड्या भरतात आणि गगनबावड्याने, आंबोलीने नाहीतर राधानगरी-दाजीपूर-फोंडा घाटाने खाली उतरतात. मीही लहानपणापासून हेच करत आलो आहे. गेली काही वर्षं ओळखीची माणसं निघण्याआधी मला फोन करतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात. शाळेच्या सहली नेणारे शिक्षक विचारतात, गळ घेऊन जाणारे हौशी विचारतात, परत येताना पिशवीत शिंपले घातलेले पाहुणेही विचारतात. ती उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

मालवणला खरंच अभयारण्य आहे? आम्ही दहा वेळा गेलो, कुठे फाटक दिसलं नाही.

आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी राज्य सरकारने ते जाहीर केलं. एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यातला ३.१८२ चौरस किलोमीटर हा गाभा आणि उरलेला २५.९४ चौरस किलोमीटर हा बाहेरचा पट्टा. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे पाण्याखालचे खडक गाभ्यात येतात. म्हणजे मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्याच्या होडीत बसलात की तुम्ही अभयारण्यातून चाललेले असता.

फाटक नाही, कुंपण नाही, आणि घोटाळा होतो तो इथेच. दाजीपूरच्या अभयारण्यात नाका लागतो, पावती फाडावी लागते, झाडी दाट होत जाते. आपण कुठे आलो हे सांगावं लागत नाही. समुद्र मात्र वरून सगळीकडे सारखाच दिसतो.

पण तिथे जपण्यासारखं आहे तरी काय? वाघ-गवे थोडेच आहेत?

खडक आहेत, आणि त्या खडकांवर प्रवाळ आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्या कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं, त्याच्याभोवती असे खडक पाण्यात बुडालेले आहेत. प्रवाळ म्हणजे रंगीत दगड, असं पुष्कळांना वाटतं. ते प्राणी आहेत. लाखो बारीक जीव एकमेकांना चिकटून राहतात, समुद्रातल्या चुन्यापासून आपलं घर बांधतात आणि आपल्या अंगात सूक्ष्म शैवाल बाळगतात. प्रवाळाला रंग आणि बहुतेक अन्न ते शैवालच पुरवतं. पाणी फार तापलं की शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं.

घट्ट गोळ्यासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर वाढतं. नारळाएवढा गोळा दिसला तर तो तुमच्या मुलांपेक्षा वयाने मोठा असण्याची दाट शक्यता आहे. या खडकांच्या कपारीत माशांची पिल्लं लपतात, मोठी होतात आणि मग बाहेरच्या समुद्रात जातात. कोल्हापूरच्या बाजारात येणाऱ्या माशाचा अशा जागांशी संबंध असतो, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं.

इथे कोणता कायदा लागू होतो?

दाजीपूरला लागतो तोच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. राधानगरी अभयारण्य आपल्या जिल्ह्यातलं; दाजीपूरचं जंगल म्हणजे एकेकाळी कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान, १९५८ साली त्याला संरक्षण मिळालं. तिथे फांदी मोडायची नाही, हे आपल्या मुलांनाही माहीत असतं. त्याच कायद्याचं कलम २९ सांगतं की अभयारण्यातला कोणताही वन्यजीव नष्ट करायचा नाही, त्याचा वापर करून घ्यायचा नाही, तो बाहेर न्यायचा नाही आणि त्याच्या अधिवासाचं नुकसान करायचं नाही. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय यातलं काहीही करता येत नाही. कायद्यात ‘प्राणी’ या शब्दात मासे येतात, कणा नसलेले जीवही येतात. राधानगरीच्या रस्त्याने गेलात तर सकाळी एका अभयारण्यातून जाता आणि दुपारी दुसऱ्यात पोचता. नियम सारखेच असतात.

याशिवाय तिथे आणखी काही कायदे एकावर एक बसतात. बारा सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच्या मासेमारीला महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा, १९८१ लागतो. किनाऱ्यावरच्या बांधकामाला सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम लागतात. त्यात प्रवाळ आणि सागरी अभयारण्यं सर्वांत कडक वर्गात मोडतात. सिंधुदुर्ग किल्ला स्वतः केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे.

मग मालवणचे मच्छिमार तिथे मासे कसे मारतात? त्यांना वेगळा न्याय का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि बऱ्याचदा जरा तिरक्या सुरात येतो. म्हणून सविस्तर सांगतो.

त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगणारी माणसं अभयारण्याच्या आधीपासून तिथे आहेत. पहाटे रापण, म्हणजे मोठं ओढायचं जाळं, लावायची, किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी ओढायची आणि आलेली मासळी वाटून घ्यायची, ही त्यांची रीत. ‘गाभा’ आणि ‘बाहेरचा पट्टा’ ही कारभाराच्या सोयीची विभागणी. कलम २९ पुरतं अभयारण्य सगळं एकच. मग या माणसांचं काय? १९९१ साली कायद्यात दुरुस्ती झाली. समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा तर हद्द नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांच्या सल्ल्याने ठरवायची, आणि स्थानिक मच्छिमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी तजवीज केल्यावरच ठरवायची, असं कलम २६-अ मध्ये आलं. त्या पाण्यातून होड्यांनी निरुपद्रवी ये-जा करण्याचा हक्क अबाधित राहतो, हेही तिथेच लिहिलं आहे.

आता तारखा पाहा. मालवणचं अभयारण्य १९८७ चं, आणि ही तजवीज १९९१ ची. मच्छिमारांच्या हिताचं वाक्य कायद्यात येण्याच्या चार वर्षं आधीच त्यांच्या पाण्यावर रेघ ओढली गेली होती. तिथल्या लोकांनी अभयारण्याला इतकी वर्षं विरोध का केला, ते यावरून समजतं. त्यांना प्रवाळाचं वैर नाही. उद्या आपलं जाळं गुन्हा ठरेल, ही त्यांची भीती आहे, आणि ती मला रास्त वाटते.

रापणकर ज्याच्या नावाने बोटं मोडतो तो वेगळाच असतो: मोठ्या यांत्रिक नौका, अख्खा थवा घेरून खालून आवळणारी पर्ससीन जाळी आणि रात्री प्रखर दिवे लावून केलेली एलईडी मासेमारी. प्रकाशाकडे लहान-मोठी सगळी मासळी खेचली जाते आणि एका रात्रीत थवाच्या थवा उचलला जातो. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर कडक बंधनं घातली. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने बारा मैलांपलीकडच्या पाण्यातही एलईडी मासेमारीला बंदी केली. २०२१ मध्ये राज्याचा कायदा सुधारला आणि दंड लाखांच्या घरात गेले. तरीही रात्री क्षितिजावर दिवे दिसल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत.

म्हणून ‘त्यांना चालतं मग आम्हाला का नाही’ असं विचारू नका. त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे, आपली फक्त सुट्टी.

आम्ही फक्त गळ टाकणार, चार मासे धरणार आणि तिथेच भाजून खाणार. चालेल ना?

अभयारण्याच्या हद्दीत नाही. किल्ल्याच्या तटाखाली बसून टाकलेला गळही त्यातच आला. हद्दीबाहेरच्या किनाऱ्यावर गळ टाकणाऱ्याला कलम २९ लागत नाही. पण संरक्षित जातीचा जीव लागला तर तो कुठेही लागला तरी सोडून द्यावा लागतो. हद्द कुठे संपते ते स्थानिक मच्छिमाराला विचारा. त्याला खडकन्‌खडक ठाऊक असतो.

आणि राधानगरीच्या जलाशयात?

जलाशयाचा जो भाग अभयारण्यात येतो तिथेही हेच. पाणी गोडं आहे की खारं, याने फरक पडत नाही. नद्या-ओढ्यांत ब्लीचिंग पावडर ओतून, जिलेटिन उडवून किंवा करंट सोडून मासे मारण्याचे प्रकार आपल्याकडे होतात. अभयारण्यात रसायनं आणि स्फोटकं वापरायला कलम ३२ ने मनाई आहे, आणि बाहेरही तो गुन्हाच आहे. एका स्फोटात खाण्याजोगे चार मासे मिळतात. पिल्लं, अंडी, बेडूक, खेकडे सगळं मरून तळाला जातं. हे करणाऱ्याला मी हौशी म्हणत नाही.

स्नॉर्केलिंग, स्कूबा बंद आहे का?

बंद नाही. कलम २८ प्रमाणे पर्यटन, अभ्यास आणि छायाचित्रणासाठी अभयारण्यात प्रवेशाची परवानगी देता येते. त्यामुळे प्रशिक्षित माणसं आणि नीट कागदपत्रं असलेल्या चालकाकडेच जा, आणि परवाना दाखवा असं न लाजता म्हणा. पाण्यात उतरल्यावर प्रवाळावर उभं राहायचं नाही, त्याला धरायचं नाही, पायातल्या फिन्सने खरवडायचं नाही. ओहोटीला पाणी कमरेएवढं असतं आणि पोहता न येणारा माणूस घाबरून पहिला पाय प्रवाळावरच टेकतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पोहता येत नसेल तर तसं आधीच सांगा. होडीचा नांगर प्रवाळावर टाकताना दिसला तर चालकाला थांबवा. नांगराच्या एका ओढीत कितीतरी वर्षांची वाढ मोडते, आणि अधिवासाचं नुकसान म्हणून ते कलम २९ मध्येच येतं.

फोटोत मासे यावेत म्हणून बिस्किटं, पाव टाकतात. ते तरी चालतं का?

टाकू नका आणि टाकू देऊ नका. माशांची सवय बिघडते, उरलेला मैदा प्रवाळावर बसतो आणि पुडा लाटेवर जातो. तुम्ही नको म्हणालात तर चालक ऐकतो, कारण पैसे तुमचे असतात.

शंख-शिंपले, प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून आणला तर? वाळूत नुसताच पडला होता.

अभयारण्यातून काहीही बाहेर न्यायचं नाही. मेलेलं, तुटलेलं, वाळूत पडलेलं, सगळं त्यात आलं. प्रवाळाची गोष्ट याहून गंभीर आहे. खडक बांधणारं प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि काही मोठ्या शंखांच्या जाती यांना कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे त्याला जोडलेल्या यादीत, संरक्षण आहे. त्यांना अभयारण्याची हद्द लागत नाही. मालवणात उचला, बाजारात विकत घ्या किंवा कोल्हापुरात घरी ठेवा, गुन्हा तोच. ‘मी पैसे देऊन घेतलं’ हा बचाव होत नाही. वस्तू तुमच्याकडे सापडली की ती कायदेशीर आहे हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.

इथे एक गोष्ट आपल्या भागातल्या लोकांना मुद्दाम सांगायची आहे. वास्तुदोष जावा, पैसा टिकावा म्हणून ‘इंद्रजाल’ नावाची वाळलेली, जाळीदार, काळी फांदी चौकटीत घालून विकली जाते. ती कुठल्या जंगलातली वनस्पती वगैरे नाही. ते समुद्रपंखा किंवा काळं प्रवाळ असतं, समुद्राच्या तळावरून उपटून आणलेलं. देवघरात पूजा म्हणून ठेवलं तरी कायदा बदलत नाही. ‘व्हेलची उलटी’ म्हणून कोटींच्या भावाने कुणी अंबरग्रीस देऊ करतो, त्याचंही तसंच. स्पर्म व्हेल संरक्षित आहे आणि अंबरग्रीसचा व्यापार भारतात गुन्हा आहे.

फोटो, व्हिडिओ, ड्रोन?

मोबाइलवर आपले फोटो काढा. चित्रीकरण मोठं असेल, सोबत माणसं-सामान असेल, तर वन विभागाची परवानगी घ्या. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने अधिवासाला धक्का न लावता चित्रपट-चित्रीकरणाला वाव दिला आहे, पण परवानगी लागतेच. ड्रोन उडवण्याआधी विचारा. किल्ला संरक्षित स्मारक असल्यामुळे तिथे पुरातत्त्व खात्याकडेही विचारावं लागतं.

जून-जुलैमध्ये बंदी असते, मग हॉटेलात ताजा सुरमय कुठून येतो?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. बऱ्याच माशांचा विणीचा हंगाम असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना सूट आहे. त्यामुळे त्या दिवसांत ताटात येणारा मोठा मासा शीतगृहातला असतो, पूर्व किनाऱ्यावरून आलेला असतो किंवा चोरून धरलेला असतो. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. खाडीतली मासळी, सुकी मासळी, सोलकढी यांवर दोन महिने काढता येतात. कोकणातली माणसं नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मग होडी लोटतात. बंदीचा हुकूम नव्हता तेव्हाही ही रीत होती.

मोरी खाल्ली तर चालते का? आणि छोटे सरंगे?

मोरी म्हणजे मुशी, शार्क. सगळ्या मुशी संरक्षित नाहीत, काही आहेत. व्हेल शार्कला २००१ साली संरक्षण मिळालं. अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, आलेला तो पहिला मासा. करवत मासाही संरक्षित आहे. तोडलेल्या तुकड्यावरून जात ओळखणं आपल्यासारख्याला जमत नाही, म्हणून मी मोरी घेणं सोडलं. कुणी खाल्ली तर लगेच गुन्हेगार, असं मात्र नाही.

सरंगा, म्हणजे पापलेट, २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्याने अनेक जातींच्या माशांचं किमान आकारमान ठरवलं. त्याहून लहान मासे धरायला आणि विकायला मनाई आहे. तळहातात दोन मावतील असे सरंगे बाजारात दिसले तर घेऊ नका. त्यांनी एकदाही अंडी घातलेली नसतात.

होडीवाल्याच्या जाळ्यात कासव अडकलं आणि त्याने जाळं कापून सोडलं. त्याचं नुकसान कोण भरून देतं?

राज्य सरकार देतं. डिसेंबर २०१८ पासून योजना आहे. संरक्षित जीव जाळ्यातून जिवंत सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडताना फोटो किंवा व्हिडिओ काढून अर्ज करावा लागतो. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून हे पाहतात. ऑलिव्ह रिडले कासवं आणि व्हेल शार्कही यामुळे परत पाण्यात गेले आहेत. तुम्ही होडीत असाल आणि असं घडलं, तर फोटो काढून त्या दादांना द्या. जाळं कापताना त्यांचे दोन्ही हात गुंतलेले असतात.

शिक्षा काय होते?

अनुसूची एकमधल्या प्राण्याबाबत, किंवा अभयारण्यातल्या शिकारीबद्दल, किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. इतर उल्लंघनांना ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. या रकमा १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. कायद्याच्या भाषेत ‘शिकार’ म्हणजे मारणं तर आहेच. पकडणं, सापळा लावणं, त्याचा प्रयत्न करणंही आहे. वापरलेली होडी, जाळं, वाहन जप्त होतं. कोल्हापूरहून नेलेली गाडीसुद्धा.

बारा मैलांपलीकडे काय?

तिथे अडचण आहे. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथलं प्रवाळ मालवणपेक्षा कितीतरी विस्तीर्ण आहे. पण ते राज्याच्या बारा मैलांच्या बाहेर असल्यामुळे मालवणसारखं अभयारण्य तिथे करता येत नाही; संरक्षणाचा मार्ग केंद्राच्या सागरी क्षेत्रांच्या कायद्यातून काढावा लागतो. इतक्या मोलाच्या जागेचं रक्षण हद्दीच्या रेघेवर अडून राहावं, याची मला फार खंत वाटते.

देशात इतरत्र नियम कसे आहेत?

ओडिशात गहिरमाथा अभयारण्य आहे, १९९७ चं. कासवांच्या विणीसाठी तिथे १ नोव्हेंबर ते ३१ मे मासेमारी बंद असते. कच्छच्या आखातातलं, मन्नारच्या आखातातलं आणि अंदमानातलं वांडूर ही राष्ट्रीय उद्यानं. तिथे अभयारण्यापेक्षा नियम कडक. कुठेही जाण्याआधी स्थानिक वन कार्यालयात विचारलेलं बरं.

काही चुकीचं दिसलं तर कुणाला सांगायचं?

वन विभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६. समुद्रात जिवावर बेतलं असेल तर तटरक्षक दल, १५५४. जागा, वेळ आणि होडीचा नोंदणी क्रमांक सांगा. स्वतः भांडायला जाऊ नका.

आमच्या घरी जुनं प्रवाळ आहे, आजोबांनी आणलेलं. आता काय करू?

आमच्याही घरी होतं. शोकेसमध्ये, गणपतीच्या फोटोशेजारी, पांढरं, फुलकोबीसारखं. काकांनी कधीतरी मालवणहून आणलेलं. मी लहानपणी पाहुण्यांना ते अभिमानाने दाखवत असे. त्याचा अर्थ कळल्यावर काही महिने नुसता विचार करत बसलो. विकायचं नाही, कुणाला भेट द्यायचं नाही आणि गुपचूप समुद्रातही टाकायचं नाही. जवळच्या वन विभागाच्या कार्यालयात जायचं, कधी आणि कुठून आलं ते खरं लिहून द्यायचं आणि वस्तू सुपूर्द करायची. मी तेच केलं. काका आधी नाराज झाले, मग म्हणाले, त्या वेळी होडीवाल्यानेच आठ आण्याला दिलं होतं रे.